तुरीचा दाणा आणि पूर्णविराम

विरामचिन्हं नुसती फळ्यावर लिहून येत नाहीत, पोरांना ती हातापायांनी शिकवावी लागतात. चार मुलं ओळीत उभी करा: गणू, म्हणतो, बाळू, हुशार आहे. अवतरणचिन्हांच्या पाट्या घेतलेली दोघं ‘बाळू हुशार आहे’ला कवेत घेतात, तेव्हा हुशार बाळू. पाट्यांची आणखी एक जोडी घेऊन ‘“गणू,” म्हणतो बाळू, “हुशार आहे”’ असं केलं, की शब्द तेच, हुशार मात्र गणू! हे एकदा अंगावर घेतलेलं पोर विसरत नाही. बीदर जिल्ह्यातल्या जनवाड्याकडच्या मुलांना तर आणखी एक गंमत दाखवता येते. बीदरात कन्नड आणि मराठीच्या शेजारी उर्दू पाट्या असतात, आणि उर्दूतलं प्रश्नचिन्ह डावी-उजवी बाजू बदलून उभं असतं, कारण ती लिपी उजवीकडून चालते. मोडीत तर विरामचिन्हं नव्हतीच; मराठीत ती रुजवली 19व्या शतकात इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांनी. मग मुलांना चिन्हं पुसलेला उतारा द्यावा आणि चिन्हांच्या जागी वस्तू ठेवायला सांगाव्यात: पूर्णविरामाला तुरीचा दाणा, स्वल्पविरामाला लिंबाचं पान. तूर इकडे घरोघरी, खर्च काही नाही. वाचणाऱ्यानं दाण्यापाशीच श्वास घ्यायचा. मध्येच दम लागला, तर दाणा कुठे राहिला ते वर्गानं शोधायचं.