तीन अस्थि आणि एक पुतळा

पदार्थसंग्रहालयांतून आदिमानवाचे पुतळे मांडण्याची जी चाल देशोदेशीं पडली आहे, तिच्या समर्थनार्थ एकच मुद्दा नेहमीं पुढें येतो. तो असा कीं, सामान्य प्रेक्षकास हाडें समजत नाहींत, मूर्ति समजते. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. मूर्तीमुळें त्यास आपणांस समजलें असें वाटूं लागतें, एवढेंच.

हॉलंडांत लायडन येथील संग्रहालयाच्या मालकीचा जावा-मानवाचा पुतळाच घ्या. डॉ. यूजीन द्युब्वा या डच शरीरशास्त्रज्ञाच्या हातीं जावा बेटांतील त्रिनील येथें १८९१ सालीं एक दाढ व कवटीचें टोपण आलें. पुढील वर्षीं मांडीचें एक हाड आलें. एवढ्या भांडवलावर त्यानें १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठीं सबंध पुरुषभर पुतळा स्वहस्तें घडविला! हातांत हरणाचें शिंग, शिंगावर खिळलेली दृष्टि. टोपणावरून मेंदूचें आकारमान अजमावतां येतें, हें आम्हांस मान्य आहे. पण नाक, ओठ आणि ती दृष्टि कोणत्या हाडांतून निघाली? नमुना म्हणून त्यानें आपल्याच मुलास उभें केलें होतें, असें म्हणतात. म्हणजे पूर्वजास रूप लाभलें तें वंशजाकडून! (घरोघरीं प्रकार याच्या उलट असतो.)

शास्त्र मात्र तेथें थांबलें नाहीं. तें मांडीचें हाड कवटीच्या धन्याचें नसून आधुनिक मानवाचें असावें, असा संशय अनेक पंडितांनीं घेतला आहे. जाव्यांतच सांगिरान येथें १९६९ सालीं चेहऱ्यासकट कवटी सांपडली. द्युब्वानें ज्यास वानर-मानव म्हटलें, तो आज 'होमो' या आपल्याच प्रजातींत गणला जातो. ग्रंथ चुकला तर त्याची सुधारलेली आवृत्ति निघते. पुतळ्याची निघत नाहीं.

पुतळे मुळींच नसावेत, असा आमचा हट्ट नाहीं. हाडानें सिद्ध झालेला भाग एका रंगानें व कल्पिलेला दुसऱ्या रंगानें दाखवावा, आणि शेजारीं मूळ अस्थि ठेवाव्या. यानें शोभा जाईल, अशी ओरड होईल. जावो बापडी! देवळांतल्या मूर्तीस कोणी पुरावा मागत नाहीं, कारण ती शास्त्राचा आव आणीत नाहीं, संग्रहालयांतली आणते.

त्रिनीलची माती उपसली ती वसाहत सरकारनें पुरविलेल्या कैद्यांनीं. त्यांचा पुतळा करण्याचें कोणास सुचलें नाहीं. द्युब्वाचा २८,००० हून अधिक अवशेषांचा संग्रह इंडोनेशियास परत करण्याचें डच सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें, हें योग्यच झालें. पण हाडें जाव्याला गेलीं आणि पुतळा लायडनलाच राहिला, तर त्याच्या पायथ्याशीं निदान त्या तीन अस्थींचे ठसे तरी ठेवले जातील काय?