चादरीचा टोगा आणि आपला अभिजात दर्जा

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत ग्रीक-लॅटिन शिकणाऱ्या मुलांची एक मानाची संस्था आहे, एटा सिग्मा फाय. १९१४ साली शिकागो विद्यापीठातल्या विद्यार्थी मंडळातून ती निघाली आणि १९२४ मध्ये देशभरची झाली. सभासद व्हायचं तर लॅटिन किंवा ग्रीकच्या वर्गात बसून बरे गुण मिळवावे लागतात. मी अर्थशास्त्र शिकवते. लॅटिनशी माझं नातं शेजारच्या खोलीचं. त्यामुळे आमच्या छोट्या महाविद्यालयातल्या शाखेचं अख्खं वर्ष मला जवळून बघायला मिळालं. आणि इथल्या मराठी मंडळात त्यावर झालेली थट्टाही ऐकायला मिळाली: चादरी गुंडाळून फिरणारी पोरं, मेलेल्या भाषेचे वाढदिवस, केकची दुकानं.

थट्टेला निमित्त आहे, नाही असं नाही. डिसेंबरात सॅटर्नेलिया असतो, त्या दिवशी शिक्षक मुलांना वाढतात. १५ मार्चला सीझरचा खून होतो आणि चादरी निघतात त्या तेव्हा. २१ एप्रिलला रोमच्या वाढदिवसाचा केक. पण थट्टा करणाऱ्यांनी गुरुवारची संध्याकाळ कधी पाहिलेली नाही. अकरा मुलं, दोन कोश आणि आधी न वाचलेला ओव्हिडचा एक उतारा. तासाभरात सहा ओळी झाल्या तर भरपूर. एखादं क्रियापद कुणाला लागायचं याच्यावर अर्धा तास भांडण चालतं, आणि त्या भांडणाचे गुण कुठेच मिळत नाहीत. केक विकून आलेल्या पैशांतून नवा कोश येतो.

ऑक्टोबरात ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर इलियडचं जाहीर वाचन झालं. चोवीस सर्ग, पंधरा हजारांवर ओळी. वाचन भाषांतरातून, पण प्रत्येक सर्गाची सुरुवात मूळ ग्रीकमधून. सकाळी सुरू झालेलं वाचन मध्यरात्र उलटली तरी चालूच. रसायनशास्त्राचे प्राध्यापक वाचून गेले, भोजनगृहातल्या एक बाई पाळी संपवून येऊन अर्धा सर्ग वाचून गेल्या. ज्ञानेश्वरीचं पारायण ज्याने ऐकलं आहे त्याला यात परकं काय वाटावं?

या मुलांच्या भाषांना कुणी दर्जा दिलेला नाही. उलट पायाखालची जमीन सरकते आहे. २०२१ मध्ये प्रिन्स्टनने याच विषयाच्या पदवीसाठी ग्रीक-लॅटिनची सक्ती काढून टाकली. त्याच वर्षी हॉवर्ड विद्यापीठाने आपला हा विभाग बंद करायचं ठरवलं. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांतला तो असा एकमेव विभाग होता. हा गोऱ्यांचा वारसा, तो सोडून द्या, असं सांगणारे पुष्कळ असतात. तिथे विभाग वाचवायला उभे राहिले ते त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. वारसा कुणाचा, हे तो वाचणाऱ्याने ठरवायचं असतं.

आता आपल्याकडे वळते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आमच्या मंडळात पेढे वाटले, मीही खाल्ले. पण त्याच दिवशी, त्याच निर्णयात, प्राकृतलाही तो दर्जा मिळाला होता, हे किती जणांच्या लक्षात आलं? मराठीच्या प्राचीनतेचा आपला दावा उभा आहे तो महाराष्ट्री प्राकृतावर, हालाच्या गाथासप्तशतीवर, नाणेघाटातल्या ब्राह्मी लेखावर. म्हणजे आजीच्या वयाचा दाखला जोडून नातीने मान घेतला, आणि आजी त्याच मांडवात बसली आहे तर तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. महाराष्ट्रात शाळेत अर्धमागधी घेता येते. मी घेतली होती. वर्गातल्या सगळ्यांनी घेतली होती त्याच कारणाने, गुण बरे पडतात म्हणून. दहावी संपली आणि पुस्तक रद्दीत गेलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आता केंद्राचा निधी येईल, अध्यासनं होतील. होवोत. निधीने इमारत होते, नेमणुका होतात. गुरुवारी संध्याकाळी कोश उघडून बसणारा माणूस निधीतून कसा येतो, हे मात्र अर्थशास्त्र शिकवूनही मला कळलेलं नाही.

एटा सिग्मा फायशीही माझं भांडण आहेच. ‘क्लासिक्स’ म्हणजे ग्रीक आणि लॅटिन, बाकी सगळं ‘इतर’, ही त्यांची व्याख्या कोती आहे. संस्कृतचं या दोन भाषांशी असलेलं नातं विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ मध्येच सांगून ठेवलं. त्यानंतरही संस्कृत, तमिळ, चिनी दाराबाहेरच. त्यांच्या बैठकीत मी हे बोलले. कुणी रागावलं नाही. एका मुलीने विचारलं, “मग तुमच्या गाथा कशा वाचायच्या, दाखवाल?”

येत्या सत्रात गुरुवारचा अर्धा तास गाथासप्तशतीला द्यायचं ठरलं आहे. मी फळ्यावर एक गाथा लिहिणार, शब्द सोडवणार, अडले तर कोश आहेच. अकरापैकी नऊ मुलांनी नावं दिली. हेच निमंत्रण मराठी मंडळालाही त्याच दिवशी पाठवलं होतं. तिथून दोघांनी विचारलं की कार्यक्रमानंतर जेवण आहे का.