चट्टा दिसला की आधी दवाखाना गाठा

अंजनगावच्या पानमळ्यांत आणि केळीच्या वावरात राबणाऱ्या भावाबहिणींनो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठला, तो खाजत नाही, कापूस फिरवला तरी कळत नाही, तर गजकर्णाचं मलम चोपडत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो, तपासून घ्या. शेजाऱ्याला तसा चट्टा दिसला तर कोणत्या पापाची फेड म्हणून कुजबुजू नका.

मी ख्रिस्ती आहे, म्हणून हे जरा जोरानंच सांगतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशूनं दोन्ही नाकारलं. तरी आमच्यातलेच काही जण रोग्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणून ऐकवतात. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेननं १८७३ सालीच दाखवला होता. पण ख्रिस्ती असो की हिंदू, नवराबायकोच्या फारकतीसाठी कुष्ठरोग हे कारण आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत चालत होतं!

डॉ. पॉल ब्रँड हे मिशनरी आईबापाचं लेकरू, तमिळ मुलखातल्या डोंगरात जन्मलेलं. पुढं वेल्लोरला ते कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करत. बोटं आपोआप सडून झडत नाहीत, बधिर हाताला चटका कळत नाही, जखम चिघळते आणि बोट जातं, हे त्यांनी दाखवून दिलं. वेदना ही देवाची देणगी आहे, असं ते मानत. दुखण्याला देवाची शिक्षा म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. हात बधिर असेल तर चुलीवरचं गंज फडक्याशिवाय उचलू नका, बिडी बोटाला टेकेपर्यंत ओढू नका (ओढूच नका, खरं तर), रात्री तळपाय न्याहाळून मगच झोपा.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात. लघवी लालसर होते, कातडी काळवंडते. त्याला घाबरून पुष्कळ जण मधेच सोडतात. सोडू नका, तो रंग पुढं हळूहळू उतरतो. औषध सुरू झालं की लागण लवकरच थांबते, तेव्हा घरच्यांनी ताटवाटी वेगळी काढायचं कारण नाही. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं हॉस्पिटलही आहे.

प्रार्थना मीही करतो. कुणाला अंगारा लावायचा असेल, नवस बोलायचा असेल, त्यानं खुशाल बोलावा, पण आशाताईला चट्टा दाखवून झाल्यावर.