सिंहाचे दात मोजणारे

दिल्लीच्या नव्या संसद भवनाच्या माथ्यावर बसविलेल्या कांस्यमय राजचिन्हाचे ११ जुलै २०२२ रोजी अनावरण झाले. साडेसहा मीटर उंचीचे आणि साडेनऊ हजार किलो वजनाचे ते प्रचंड काम पाहून लोकांनी कारागिरांची वाहवा करावी किंवा दोष काढावे, हे रास्तच होते. परंतु वाद पेटला तो एकाच गोष्टीवरून. एक पक्ष म्हणू लागला की, सारनाथचे सिंह शांत व धीरगंभीर आहेत, हे मात्र दात विचकून अंगावर येतात. दुसरा पक्ष म्हणाला, सिंहाला दात असायचेच. आणि खालून वर पाहिले म्हणजे मुद्रा उग्र दिसते, एवढेच. त्याहून उत्साही मंडळींनी तर उग्रता हीच राष्ट्राच्या पौरुषाची खूण म्हणून तिचे स्वागत केले.

शाकुंतलात दुष्यंताचा मुलगा सिंहाच्या छाव्याचे तोंड उघडून त्याचे दात मोजू पाहतो. तो बालक होता, त्याला ते शोभले. त्याच भरताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशातील प्रौढ माणसांनी तोच उद्योग आरंभावा, आणि तोही गंभीर चेहऱ्याने, याचे आम्हांला नवल वाटते. या वादात दोन्ही पक्ष एका भ्रमात सामील आहेत. राजचिन्हावरील पशूचा गुण त्याच्या तोंडात असतो, असे दोघेही गृहीत धरतात. आमचे म्हणणे असे की, तो गुण पशूत मुळी नसतोच. तो असतो त्या पशूकडे सोपविलेल्या कामात.

युरोपातील सरदारांनी आपल्या ढालींवर सिंह आणि गरुड यांची गर्दी केली, तेव्हा त्यांना हा प्रश्न पडला नाही. शूराने शूर पशू घ्यावा, असा तो सरळ हिशेब होता. ब्रिटिश राजचिन्हात सिंहासमोर स्कॉटलंडचा एकशिंगी घोडा उभा आहे. तो पृथ्वीवर कधी जन्मालाच आला नाही, आणि त्यामुळे त्याच्या शीलावर कोणी बोट ठेवू शकत नाही, हा त्याचा मोठा फायदा! अमेरिकेने २० जून १७८२ रोजी आपल्या महामुद्रेवर पांढऱ्या डोक्याचा गरुड घेतला. बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ च्या जानेवारीत आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात या गरुडाची यथेच्छ हजेरी घेतली आहे. हा पक्षी प्रामाणिकपणे पोट भरीत नाही, मासे धरणाऱ्या दुसऱ्या पक्ष्याच्या कष्टाचा घास हिरावून घेतो, शिवाय चिमुकल्या पाखराने पाठ धरली की पळ काढतो. त्यापेक्षा आपला टर्की कोंबडा बरा, थोडा दिमाखी आणि बावळट असला तरी अस्सल देशी आणि धीट तरी आहे, असा त्या विनोदी म्हाताऱ्याचा अभिप्राय होता.

पत्र मोठे मौजेचे आहे, परंतु त्यातील कसोटी खोटी आहे. पशूंची चारित्र्यपरीक्षा घ्यावयाची ठरली तर पहिल्याच दिवशी सिंह नापास होईल. शिकारीचा बराचसा भार सिंहिणींनी वाहावयाचा आणि भोजनास नराने पुढे बसावयाचे, ही त्याची गृहव्यवस्था. दुसऱ्याने मारलेल्या सावजावर ताव मारण्यास त्याची ना नसते. नवा नर कळपाचा धनी झाला की आधीच्या धन्याचे बच्चे मारून टाकतो. यात सिंहाचा काडीचाही अपराध नाही. पशूला नीती नाही, म्हणून अनीतीही नाही. अपराध आहे तो त्याच्या आयाळीकडे पाहून त्याला धर्मराज ठरविणाऱ्यांचा.

आता सारनाथचा स्तंभशीर्ष पाहा. १९०४-०५ च्या उत्खननात ओर्टेल यांना तो सापडला. उंची सुमारे ७ फूट, अंगावर आरशासारखी झिलई. चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. त्यांची तोंडे उघडी आहेत, हे खरे. परंतु ज्या भूमीवर पहिले धर्मप्रवचन झाले, आणि ज्या संप्रदायात गुरूला शाक्यसिंह व त्याच्या उपदेशाला सिंहनाद म्हणतात, तेथे ते तोंड चावण्यासाठी उघडलेले नसून बोलण्यासाठी उघडलेले आहे. शिवाय ते सिंह या रचनेचे शिखर नव्हतेच. त्यांच्या माथ्यावर एक मोठे धर्मचक्र होते. त्याचे तुकडे तेवढे हाती लागले. म्हणजे अशोकाच्या योजनेत सिंह हा धनी नसून भोई होता. ज्याच्या खांद्यावर धर्म आहे तो सिंह, एवढाच त्याचा थोरपणा.

आणि खालचा पट्टा? तेथे हत्ती, बैल, घोडा आणि सिंह एकामागून एक चालले आहेत. दर दोघांच्या मध्ये एक चक्र. या चौघांचा अर्थ काय, यावर पंडितांत मतभेद आहेत. कोणी त्यांना चार दिशा म्हणतो, कोणी बुद्धचरित्रातील प्रसंग. आम्हांला येथे त्या वादात शिरावयाचे नाही. डोळ्यांना दिसते ते एवढे की, येथे सिंह हत्तीच्या गंडस्थळावर झेप घेत नाही आणि बैल घाबरून मान फिरवीत नाही. चौघांची उंची सारखी, चौघांचा मान सारखा. आमच्या महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आढळतात. त्यांतील काहींच्या पंजांखाली हत्ती चिरडलेले असतात. ती विजयाची भाषा आहे आणि किल्ल्याच्या दाराशी ती शोभतेही. परंतु ती शरभाची भाषा आता काही लोक सारनाथच्या सिंहाच्या तोंडी घालू पाहतात, याला आमची हरकत आहे.

यावर कोणी म्हणेल, राज्य म्हटले की धाक हवा. बैल आणि घोडे पाहून शत्रू का पळणार आहे? तर अशोक काही दुबळा नव्हता. कलिंगाच्या संहाराबद्दल पश्चात्ताप व्यक्त करणाऱ्या त्याच्या तेराव्या शिलालेखातच, आपल्या अंगी शासन करण्याचे सामर्थ्य अद्याप आहे, अशी जाणीव त्याने अटवीतील लोकांना दिली आहे. दूर कशाला, शिवछत्रपतींची राजमुद्रा घ्या. तीत वाघ नाही, सिंह नाही, कोणताच पशू नाही. आहे ती प्रतिपदेच्या चंद्रकोरीची उपमा आणि लोककल्याणाची ग्वाही. ती मुद्रा उमटलेला कागद पाहून विजापूरकरांना धाक वाटत नसे, असे कोणी इतिहासज्ञ सांगणार असेल तर त्याने पुढे यावे!

२६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या आपल्या राजचिन्हात तीन सिंह दिसतात. चौथा मागे राहतो. पट्ट्यावर मध्ये चक्र, एका बाजूस बैल, दुसऱ्या बाजूस घोडा. हत्ती आणि खालचा चालता सिंह पलीकडे गेले. माथ्यावरचे महाचक्र तर दगडातच भंगलेले होते. सपाट कागदावर चारी बाजू मावत नाहीत, तेव्हा चित्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु जे कागदावर मावले नाही ते शिक्षणाने भरून काढावयाचे असते, आणि ते आपण केले नाही. सिंह म्हणजे सामर्थ्य, बैल म्हणजे कष्ट, घोडा म्हणजे वेग, अशी जंत्री मुलांकडून घोकून घेतली की आपले काम संपले! सिंहांनी काय पेलले होते, हे किती घरांतून सांगितले जाते?

अशोकाने अभिषेकानंतर २६ वर्षांनी आपल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. तीत पोपट आहे, मैना आहे, वटवाघूळ, कासव, साळिंदर आणि खार आहे. मुंग्यांच्या राणीलाही त्याने वगळलेले नाही. सिंहाचे नाव मात्र त्या यादीत नाही. स्तंभाच्या माथ्यावर सिंह बसविणाऱ्या राजाला, राजाज्ञेचे संरक्षण कोणाला हवे आणि कोणाला नको, हे पुरते ठाऊक होते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, म्हणजे खारीच्याच कुळातला जीव. पण आमच्या एखाद्या तरुण मंडळाने वाघाऐवजी तो आपल्या फलकावर रंगविल्याचे अजून आम्ही पाहिले नाही.

सारनाथच्या सिंहाचे तोंड किती उघडे होते, याचे मोजमाप ज्यांना करावयाचे असेल त्यांनी खुशाल करावे. मात्र पुढच्या खेपेस ते राजचिन्ह धातूत किंवा दगडात घडवावयाचे ठरेल, तेव्हा त्या चार पाठींवरचे चक्र कोठे आहे, हेही त्यांनी कारागिराला विचारावे.