दुधात बुडवलेला दगड

घरगुती त्रिमिती स्कॅनर तोही दुधाचा! जर्मनीच्या फ्रीडरिश किर्शनर यांनी 2007 च्या सुमारास तो केला. भांड्यात वस्तू ठेवायची, थोडं थोडं दूध ओतायचं, दर वेळी वरून वेबकॅमने फोटो काढायचा. दुधाची कड म्हणजे त्या उंचीची रेषा. साऱ्या रेषा रचल्या की संगणकात आकार तयार. (खालचे खोलगट भाग मात्र दिसत नाहीत.)

आता मोबाइलच्या फोटोंवरूनही हे होतं. होऊ दे. पण मुलांना आधी हेच दाखवावं. समोच्च रेषा शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर वर्तुळं काढली. पोरांनी ती नुसती पाठ केली. दूध कशाला, पाण्यात पांढरा रंग कालवला तरी चालेल.

रविवारी नातू येतोय. दगड धुऊन ठेवलाय.