लोखंड स्वस्त, परवाना महाग

वाड्याचे भाडे खणांवर ठरवावे की बिऱ्हाडातील माणसांवर, हा वाद आम्हां कंपूकरांस नवा नाही. संगणकांच्या राज्यातही तोच वाद आहे. पूर्वी आयबीएमच्या यंत्राबरोबर आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, बव्हंशी वेगळे मोल न घेता मिळे. १९६९ साली कंपनीने दोहोंची फारकत जाहीर केली आणि भाड्याचा प्रश्न उभा राहिला.

मोठ्या बँका ज्या मेनफ्रेमवर विसंबतात, तिच्यावरील आयबीएमच्या आज्ञावलींचे मासिक देयक रूढ पद्धतीत मोठे चमत्कारिक आहे. दर चार तासांच्या वापराची सरासरी सतत काढीत राहावयाची, आणि महिन्यातील तिचा सर्वोच्च आकडा धरावयाचा. पगाराच्या दिवशी झुंबड उडाली, की उरलेला महिना यंत्र पेंगत राहिले तरी आकार त्या झुंबडीचाच! म्हणून जाणते व्यवस्थापक सवडीची कामे रात्रीवर ढकलतात. २०१९ पासून वर्षभराच्या वापरावर आकारणीचीही सोय निघाली आहे.

मग साधे सर्व्हर घ्यावेत? यंत्र स्वस्त खरेच. परंतु ओरॅकलचा डेटाबेस घेतल्यास प्रोसेसरमधील कोअर मोजतात, म्हणजे खणच. इंटेलचा कोअर तेथे अर्धा धरला जातो, मेनफ्रेमचा पूर्ण. तरीही मेनफ्रेमच्या एका कोअरने इंटेलच्या दोहोंहून अधिक कोअरांचे काम ओढले, तर परवान्यापुरती महागडी मेनफ्रेमच स्वस्त पडते!

लिनक्सच्या परवान्यास पैसा पडत नाही. सांभाळणाऱ्यास मात्र वेतन द्यावेच लागते. केरळच्या सरकारी शाळांनी हाच मार्ग धरला. आम्हां मास्तरांस त्यांचा थोडा हेवाच वाटतो.