पद्मिनीचा पंखा

जुन्या गाडीला कोणी हात लावला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "आहे तशी राहू दे, ओरिजिनल!" दुसरी म्हणते, "सगळं काढ, नवं इंजिन टाक, अलॉय टाक, म्युझिक टाक." आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात, आणि त्याहून जास्त हॉस्टेलच्या मेसमध्ये, गेला महिनाभर हेच महाभारत चालू आहे. निमित्त आहे एका वर्गमित्राच्या आजोबांच्या १९७८ सालच्या प्रीमियर पद्मिनीचं. मुद्दा म्हटलं तर क्षुल्लक. रेडिएटरमागचा, बेल्टवर फिरणारा लोखंडी पंखा काढून त्या जागी विजेवर चालणारा बसवावा की नाही? माझं मत स्पष्ट आहे. बसवावा. पण ज्या घाईने आणि ज्या उलट्या क्रमाने लोक बसवतात, तसा नव्हे.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा 'शीतक' आणि 'उष्णता विनिमयक' असले शब्द माझ्याकडून येणार नाहीत. गॅरेजमधले मामा जे बोलतात तेच मी लिहिणार. मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय हा वाद म्हणजे नुसता गोंगाट आहे. पद्मिनीचा पंखा वॉटर पंपाच्या शाफ्टवर बसलेला असतो आणि क्रँकवरून येणारा बेल्ट त्याला फिरवतो. म्हणजे इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन आयडलला तर पंखाही सुस्त. आता विचार करा, पंख्याची खरी गरज कधी असते? गाडी सिग्नलला उभी असताना! समोरून वारा नाही, बॉनेटखाली भट्टी, आणि नेमका तेव्हाच पंखा झोपेत. हायवेवर साठ-सत्तरच्या स्पीडला वारा आपोआप जाळीतून आत शिरतो, तेव्हा पंख्याचं फारसं काम नसतं. पण तो बिचारा तेव्हाच जिवाच्या आकांताने फिरत असतो.

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात फॅन लॉज आपण सगळ्यांनी घोकले आहेत. हवा स्पीडच्या प्रमाणात वाढते, पॉवर मात्र स्पीडच्या घनाच्या प्रमाणात. समजा ८०० आरपीएमला पंखा १० वॅट खातो. ४००० ला स्पीड ५ पट, म्हणजे पॉवर १२५ पट, म्हणजे १२५० वॅट! प्रत्यक्षात समोरचा वारा मदत करतो, त्यामुळे आकडा खाली येईल हे मान्य. तरीही जिच्या १०८९ सीसी इंजिनात मुळात चाळीसेक हॉर्सपॉवर, तिने त्यातला एक-दीड अशा कामावर उडवायचा जे वारा फुकटात करतोय, हे मला तरी पटत नाही.

ओरिजिनलवाले मित्र इथे डिझायनरचं नाव काढतात. "ज्यांनी गाडी बनवली ते मूर्ख होते का?" नाही हो. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. तिचं १०८९ सीसीचं घराणं १९३७ च्या फियाट ५०८ सी पासूनचं, आणि त्या गाडीमागे डोकं होतं दांते जाकोसा या इटालियन इंजिनिअरचं. १९५३ ची ११००/१०३, जिच्यापासून आपली पद्मिनी आली, तीही त्यांच्याच हाताखालची. आणि याच जाकोसांनी १९६९ च्या फियाट १२८ मध्ये काय बसवलं? इलेक्ट्रिक फॅन! कारण तिथे इंजिन आडवं होतं, क्रँकची पुली मडगार्डकडे तोंड करून बसली होती, आणि समोरच्या रेडिएटरपर्यंत सरळ बेल्ट नेणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हाही तेच. आडवं इंजिन, म्हणून विजेचा पंखा. पेट्रोल वाचवायचं म्हणून कोणी ही क्रांती केली असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. जागेची अडचण होती, त्यातून ती झाली. मात्र फायदा सगळ्यांना मिळाला. तेव्हा जाकोसांची शपथ घालून मला गप्प बसवू नका, ते माझ्याच पार्टीत आहेत.

आता विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा, जो ते स्वतः मांडतच नाहीत, म्हणून मीच मांडते. मुंबईची काळी-पिवळी! दादर, भायखळा, काळबादेवीच्या ट्रॅफिकमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, हजारो पद्मिनी वर्षानुवर्षं चालल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. बेल्टवरच्या पंख्याने ज्या गाडीला मुंबई झेपली, तिला आपलं शहर का झेपू नये?

उत्तर असं की झेपायला हवं. नीट ठेवलेली पद्मिनी आहे त्या पंख्यावर चालते. गाडी तापत असेल तर बहुतेक वेळा पंख्याचा काही दोष नसतो. चाळीस-पन्नास वर्षं नळाचं, बोअरचं पाणी ओतून रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेला असतो, ब्लॉकमध्ये गंज साचलेला असतो, बेल्ट सैल असतो, टायमिंग मागेपुढे असतं. आणि रेडिएटरच्या कॅपकडे तर कोणी ढुंकून बघत नाही. कॅप प्रेशर धरते म्हणून पाणी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही. साधारण ७ पीएसआय धरणारी कॅप असेल तर ११० च्या पुढे. तिचा रबर कडक झाला की हा सगळा फायदा गेला. मग गाडी महाबळेश्वरला नेली, तर तिथे साडेतेराशे मीटरवर पाणी तसंही ९५-९६ डिग्रीला उकळतं! अशा चोक झालेल्या रेडिएटरसमोर विमानाचा पंखा लावला तरी उपयोग शून्य. म्हणून पहिलं काम, रेडिएटर खोलून रॉडिंग. नवी कॅप, नवा थर्मोस्टॅट, नवे होज, आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट. खर्च किरकोळ, पण यात 'मॉडिफिकेशन'ची शान नाही ना, म्हणून कोणी करत नाही.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं आणि इथेच आमचे कॉम्प्युटरवाले मित्र गारद होतात. वीज येणार कुठून? जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नसून डायनॅमो असतो. त्याची धाव साधारण २० अँपिअरच्या आसपास, तीही इंजिन चांगलं फिरत असताना. आयडलला तो जवळजवळ काहीच देत नाही. आता बेरीज करा. फॅन १२ अँपिअर, दोन हेडलाइट मिळून ७-८, इग्निशन कॉइल ३-४, वायपर ३-४. झाले २५ च्या वर. पावसाळ्यातली रात्र, सिग्नलला रांग, डायनॅमो झोपलेला, आणि सगळा भार बॅटरीवर. म्हणजे ज्या प्रसंगासाठी पंखा बसवला त्याच प्रसंगात गाडी बंद! आजोबांनी उतरून धक्का मारायचा का? त्यामुळे आधी छोटासा ४०-५० अँपिअरचा अल्टरनेटर, मगच पंखा. अल्टरनेटर आयडललाही चार्ज करतो. 'फॅन बेल्ट जाणार' अशी आशा कोणाला असेल तर तीही सोडा. वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवायला बेल्ट हवाच.

बाकी बसवण्याचं काम सोपं आहे, पण आळस केला की अंगाशी येतं. जुन्या बाजारात मारुतीचा पंखा सहज मिळतो. तो रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, हवा ओढणारा बसवावा. पुढून ढकलणारा लावला की तोच समोरच्या वाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. पुढे लावावाच लागला, तर वायर उलटी जोडून मोटर उलटी फिरवली की भागलं, असं समजू नये. पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो, हवा निम्म्यावर येते. प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून ओवून पंखा बांधण्याची जी फॅशन आहे तिला माझा सक्त विरोध. कंपनाने घासून घासून नळीला भोक पडतं. दोन लोखंडी पट्ट्यांची फ्रेम बनवायला आपल्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस लागेल. वायर जाड घ्यावी, मधे रिले, बॅटरीजवळ फ्यूज. डॅशबोर्डच्या नाजूक स्विचमधून १२ अँपिअर नेले की वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास आलाच म्हणून समजा. थर्मोस्विच ९२ ला चालू, ८७ ला बंद असा काहीतरी, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो त्याच्या वरच हवा. नाहीतर पंखा दिवसभर फिरतच राहील. डॅशखाली एक हातानेही चालू करता येईल असं बटण ठेवावं, थर्मोस्विच मेला तर घरी तरी पोचता येतं. आणि एक सूचना गॅरेजमधल्या पोरांसाठी. स्विचला थेट बॅटरीची वीज दिली असेल तर हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बोटं जपा.

कायद्याचं म्हणाल तर सेक्शन ५२ आरसी बुकातल्या तपशीलांशी गाडी जुळावी असं म्हणतो, आणि आरसी बुकात पंख्याचा रकाना मी तरी पाहिलेला नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत, अशी अट आहे. १९७८ च्या गाडीची पन्नाशी लांब नाही. म्हणून माझा हट्ट, एकही नवं भोक पाडायचं नाही, काहीही कापायचं नाही, जुना पंखा आणि डायनॅमो तेल लावून जपून ठेवायचे. उद्या कोणाला गाडी कंपनीतून आली तशी हवी झाली तर एका दुपारी परत बसलं पाहिजे. जे उलट फिरवता येतं त्याला मी बिघडवणं म्हणत नाही.

या गाडीचं खरं दुखणं वेगळंच आहे. आजोबा गेली चार वर्षं ती चालवतच नाहीत. बाजारात जाताना एकदा चौकात पाणी उकळलं, मागचे हॉर्न वाजवत राहिले, कोणीतरी "काका, भंगारात द्या आता" म्हणालं. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली. नातवाने विचारलं की म्हणतात, "बघू रे, पावसाळा संपला की." ओरिजिनलवाल्यांना मी एवढंच विचारते, ताडपत्रीखाली गंजणारी शंभर टक्के ओरिजिनल गाडी कोणाच्या कामाची? उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, टाकीत गंज धरतो, सील सुकतात. त्या माणसाला पुन्हा चौकातून जायचा धीर येणार असेल, तर एका पंख्याने पद्मिनीची अब्रू जात नाही.

स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. फायनल इयरचे तयार प्रोजेक्ट कुठून येतात हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. इथे एक खराखुरा प्रोजेक्ट दारात उभा आहे. वर्कशॉपची मागची शेड आम्हाला दोन रविवार द्या. पहिल्या रविवारी रॉडिंग आणि कॅप झाल्यावर, जुन्याच पंख्यावर गाडी अर्धा तास आयडलला ठेवून थर्मोकपलने दर मिनिटाला टेंपरेचर घेऊ. दुसऱ्या रविवारी नवा पंखा बसवून तेच, सोबत क्लॅम्प मीटरने बॅटरीचा करंट. पहिल्याच ग्राफमध्ये टेंपरेचर सरळ रेषेत थांबलं, तर पंखा डब्यातच राहील आणि मेसमधल्या ओरिजिनलवाल्यांना माझ्यातर्फे एक-एक चहा. रीडिंग लिहायला ज्यांना यायचं असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवरच्या कागदावर नाव लिहावं. सही केल्यावर पेन परत अडकवून ठेवा, आत्तापर्यंत दोन गेलेत.